रिंगेटचा हिवाळा

काल सकाळी घरातला एसी बंद केला. एप्रिलपासून अखंड चाललेली ती घरघर थांबली की आधी क्षणभर आपल्याच कानात काही बिघडलंय असं वाटतं. मग एकेक आवाज परत यायला लागतो. समोरच्या व्हिलाच्या बागेतले बुलबुल, शाळेच्या बसचा ब्रेक, विमानतळाकडे उतरणारं विमान. खिडकी उघडली तर आत आलेली हवा चक्क गार होती. खाली पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर दव साचलं होतं. अबू धाबीच्या खलिफा सिटीत हिवाळा असा येतो, कुठलाही गाजावाजा न करता. मोबाइल चार्जिंगला लावावा तशा सहजपणे लोक खिडक्या उघडतात आणि वर्षाचा चांगला भाग सुरू होतो.

इथल्या लोकांसाठी हा मोसम म्हणजे वाळवंटातले तंबू, पार्कमधल्या शेगड्या, गावाहून येणारे पाहुणे. मला मात्र पहिली गार झुळूक आली की ओल्या रबराचा, घामेजलेल्या हातमोज्यांचा आणि बर्फाचा वास येतो. बर्फाला वास नसतो असं म्हणणारे लोक सकाळच्या वेळी रिकाम्या आइस रिंकच्या बाकावर कधी बसलेले नसतात. तो वास लोखंडाच्या जवळचा असतो. थोडा भीतीच्याही जवळचा असावा, निदान त्या हिवाळ्यात तरी मला तसा वाटायचा.

त्या हिवाळ्याला तीन वर्षं झाली.

इरा, आमची मुलगी, तेव्हा बारावीच्या वर्षात होती. जन्म इथला, शाळा इथली. सांगलीला आजोळी आणि रत्नागिरीला आजीकडे जाणं तिच्या लेखी 'व्हेकेशन' होतं, गावी जाणं नव्हतं. मराठी सगळी समजायची, पण उत्तर इंग्रजीत यायचं. मी म्हणायचे, ताटं घे. ती म्हणायची, इन अ मिनिट, आई. लहानपणी जुलैत बाहेर पाऊल टाकता येईना, म्हणून आम्ही तिला मॉलमधल्या रिंकवर न्यायला लागलो आणि ती तिथलीच होऊन गेली. माझा नवरा संदीप एअर कंडिशनिंगचा इंजिनिअर. बाहेर माणूस भाजून निघत असताना आत बर्फ कसा टिकतो, हे तो आल्यागेल्याला इतक्या प्रेमाने समजावून सांगायचा की जणू तो बर्फ त्यानेच रात्रभर जागून जमवला होता. वाळवंटात वाढलेल्या आपल्या मुलीला बर्फावर धावता येतं, याचं त्याला फार अप्रूप होतं.

पुढे तिच्या शाळेत फिनलंडहून आलेल्या एका शिक्षिकेने मुलींना रिंगेट शिकवायला सुरुवात केली. लांबून पाहिलं तर हा खेळ आइस हॉकीसारखाच दिसतो. पण इथे चकतीऐवजी रबराची पोकळ रिंग असते, आणि काठी अगदी सरळ. काठीचं टोक रिंगच्या भोकात खुपसायचं आणि तिला आपल्याबरोबर पळवत न्यायचं. अंगावर धावून जायचं नाही, ढकलाढकली करायची नाही. आणि एक नियम असा, की मैदानावर आखलेली निळी रेषा एकटीने ओलांडून रिंग पुढे न्यायची नाही. रेषेच्या अलीकडून पलीकडच्या मैत्रिणीला द्यावीच लागते. तुम्ही कितीही वेगाने आलात तरी पलीकडे कुणी नसेल तर सगळं फुकट. मला हा नियम कळायला एक अख्खं वर्ष लागलं. त्याआधी मी नुसत्याच टाळ्या वाजवायचे.

त्या वर्षी अबू धाबीत राष्ट्रीय संघांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरणार होती. या खेळात मुरलेले थंड देश वरच्या गटात, आणि नव्याने शिकणारे आपल्यासारखे देश खालच्या गटात. यजमानांचाही मुलींचा नवा संघ होता. इराची जिवलग मैत्रीण शम्मा त्यात होती, तिच्या क्लबमधल्या आणखी तिघीचौघी होत्या. इरा त्यात नव्हती. जन्म कुठे झाला याला इथे अर्थ नसतो, पासपोर्टला असतो. शम्माच्या सरावाच्या दिवशी ती घरी आल्यावर खोलीचं दार लावून घ्यायची.

आणि एके दिवशी ऑफिसात मी कंपनीची ड्रॉइंग्ज फाइलला लावत बसलेले असताना भारतातून फोन आला. साळुंखे नावाचे एक सर बोलत होते, आपल्या संघाचे प्रशिक्षक. संघातल्या बहुतेक मुली रोलर स्केटवर, डांबरी मैदानावर तयार झाल्या होत्या. खऱ्या बर्फावर खेळलेली एखादी भारतीय मुलगी हवी होती आणि कुणीतरी त्यांना इराचं नाव सांगितलं होतं. मी तिला न विचारताच हो म्हणून टाकलं. तिच्या छातीवर तिरंगा असेल एवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं मनात घर करून असलेला प्रश्न, की ही पोर नक्की कुठली, तो एका फोनमध्ये सुटला असं मला वाटलं.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती बराच वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिली आणि मग म्हणाली, "व्हॉट इफ दे डोन्ट लाइक मी?"

सामन्याआधी राष्ट्रगीत होणार होतं. ते तिला चालीत येत होतं, शब्दांत नाही. मग रिंकला जाता-येता गाडीत आमचा सराव सुरू झाला. शेख झायेद पुलावर सिग्नल नाही, गर्दी नाही, आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने राष्ट्रगीत म्हणतोय. एकदा शेजारच्या गाडीतला माणूस आमच्याकडे बघून आदराने ताठ बसला. तेव्हा ती इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

संघ आला तो स्पर्धेच्या आठवडाभर आधी. विमानतळावर झाडून सगळ्या मुलींनी इराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचं नाव 'दुबईवाली' ठेवलं. हे अबू धाबी आहे, दुबई नाही, असं तिने सांगून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही. त्यातली एक मुलगी मात्र आपली बॅग सांभाळत बाजूला उभी होती. बारीक, उंच, केस घट्ट बांधलेली. प्रणाली. कराडच्या जवळच्या एका गावातली. संघातल्या मधल्या जागेवर खेळायची. इराचीही जागा तीच होती.

पहिल्या सरावाला मी गेले होते. रोलर स्केटवर थांबायचं तर मागचा पाय आडवा घासायचा असतो. बर्फावर तसं केलं की माणूस भोवऱ्यासारखा फिरतो. मुली धडाधड पडत होत्या आणि हसत होत्या. प्रणाली हसत नव्हती. ती पडायची, उठायची, पुन्हा त्याच वेगाने यायची आणि पुन्हा फळ्यांवर जाऊन आदळायची. इरा तिच्या बाजूने सरसर निघून गेली, टोकाला जाऊन दोन्ही पाय आडवे करून बर्फाचा भुगा उडवत जागच्या जागी थांबली, तेव्हा साळुंखे सरांनी मान हलवली. तिथेच ठरून गेलं. इरा मैदानात, प्रणाली बाकावर.

मी खूश व्हायला हवं होतं आणि होतेच. अल ऐनहून माझा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं येणार होती. ऑफिसातल्या बायका येणार होत्या. पण बाकावर बसलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिचा उजवा गुडघा सारखा वरखाली होत होता.

दोन दिवसांनी मुलींना घरी जेवायला बोलावलं. हॉटेलच्या जेवणाला त्या कंटाळल्या होत्या, म्हणून पिठलं, भाकरी, ठेचा, वरणभात असा साधाच बेत केला. हॉलमध्ये सगळ्या फरशीवर बसल्या आणि घर गजबजून गेलं. प्रणाली आत आली, काहीही न विचारता माझ्या हातातलं पीठ घेतलं आणि थापायला लागली. तिच्या भाकरीच्या कडा फुटत नव्हत्या. ती 'न्हाई' म्हणायची, 'हितं' म्हणायची. माझ्या लहानपणी सांगलीत गल्लीत सगळे असेच बोलायचे. इथे येऊन माझी जीभ कधी साफसूफ झाली ते मला कळलंही नव्हतं. तिच्याशी बोलता बोलता माझ्याही तोंडून एक 'न्हाई' गेलं आणि आम्ही दोघी हसलो. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तिने सांगितलं. तिची आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मुख्याध्यापक शाळेतल्या मोठ्या पडद्यावर सामने लावणार होते आणि अर्धं गाव जमणार होतं. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, त्यामुळे ती आईला नुसते आवाजी निरोप पाठवत होती.

"मी सांगितलंय की मी खेळते," ती तव्याकडे बघत म्हणाली. "सगळ्यांनी हेल्मेट घातलेलं असतं, तर तुम्हाला वळखू येणार न्हाई, असंबी सांगून ठेवलंय."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

त्या मुली गेल्यावर मी इराला हे सांगितलं. सांगावं की नाही यावर फार विचार केला नाही. केला असता तर कदाचित सांगितलं नसतं. तिला वाईट वाटलं. पण ती म्हणाली की आपण बाजूला झालो तर प्रणाली आपल्याला कधीच माफ करणार नाही, आय वुडन्ट आयदर. मला तिच्या त्या वाक्याचं आश्चर्य वाटलं. सतरा वर्षांच्या मुलीला दया आणि अपमान यांतलं अंतर इतकं स्पष्ट दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला रोजच्यापेक्षा लवकर रिंकवर सोडायला सांगितलं. सर्वसामान्य लोकांना बर्फ खुला असतो त्या वेळेत ती आणि प्रणाली जायच्या. मी काचेमागे चहा घेऊन बसायचे. इरा तिला एकच गोष्ट शिकवत होती, थांबायला. वेग तिच्याकडे होताच. दोन्ही गुडघे वाकव, कंबर वळव, बर्फ खरवड. आणि त्या बदल्यात प्रणाली तिला ओरडायला शिकवत होती. कारण सामन्यात इरा 'पास, पास' म्हणायची आणि बाकीच्या मुली 'सोड', 'मागं', 'हिकडं दे' असं म्हणायच्या. कोण कुणाला काय सांगतंय ते कळेपर्यंत रिंग दुसऱ्या संघाकडे गेलेली असायची. सकाळच्या जवळजवळ रिकाम्या रिंकवर माझी मुलगी बेंबीच्या देठापासून 'हिकडं दे' म्हणून ओरडतेय, हे दृश्य मी कुठल्याही पदकाच्या बदल्यात देणार नाही.

सामने सुरू झाले आणि आपण हरत गेलो. राष्ट्रगीताच्या वेळी इराचे ओठ बरोबर हलले. माझ्या भावाने फोटो काढले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि तरी काहीतरी उणं होतं. इरा रिंग घेऊन सुसाट यायची, निळ्या रेषेशी पोचायची, पलीकडे बघायची. पलीकडे कुणीच नसायचं. आमच्या मुली धडपडत अजून मागेच असायच्या. ती तिथे गोल फिरत राहायची आणि मग रिंग कुणीतरी काढून न्यायचं. सगळ्यांत चांगली खेळणारी मुलगी सगळ्यांत निरुपयोगी होऊन उभी आहे, असं मी डोळ्यांनी पाहत होते. दोन सामन्यांत आपला एकही गोल झाला नाही.

शेवटचा सामना यजमानांशी, रविवारी दुपारी. संदीपने दुबईतल्या रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये काम करणारी आमच्या रत्नागिरीकडची मुलं बसमध्ये घालून आणली होती. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. आत शिरताच सगळ्यांनी खिशातून कानटोप्या काढून डोक्यावर चढवल्या. शम्मा समोरच्या संघात होती, हेल्मेटखाली काळा स्कार्फ घट्ट बसवलेला. ती आणि इरा एकमेकींकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर हसू आलं असतं किंवा रडू, असं इराने नंतर सांगितलं.

मध्यंतरानंतर बाकापाशी काय बोलणं झालं ते मला प्रणालीकडून कळलं, कारण मी काचेच्या दुसऱ्या बाजूला होते. इरा बाकापाशी आली आणि साळुंखे सरांना म्हणाली, "सर, मला लाइनच्या पलीकडे प्रणाली पाहिजे."

सर म्हणाले, ती पडेल.

"पडू दे. ती उठते."

प्रणाली म्हणाली, की दुबईवालीच्या तोंडून सलग मराठी पहिल्यांदाच ऐकली म्हणून सरांना नाही म्हणायचं सुचलं नसेल. मला तसं वाटत नाही. मागणारीच्या आवाजात उपकार नव्हता, गरज होती. ती सरांना ऐकू आली असणार.

प्रणाली मैदानात आली आणि पहिल्याच वळणावर पडली. पुन्हा पडली. कोकणातली मुलं 'ऊठ ऊठ' म्हणून ओरडायला लागली, त्यांना हे एकच कळत होतं. मग एकदा इरा डाव्या बाजूने निघाली. निळी रेषा आली आणि पलीकडे, अजून कुणी पोचायच्या आत, प्रणाली पोचलेली होती. थांबता येत नव्हतं म्हणून इतके दिवस तिचा वेग वायाच जात होता, हे मला तेव्हा उमगलं. "हिकडं दे!" असा आवाज सगळ्या रिंकभर घुमला. रिंग रेषेवरून गेली. समोरची बचावाची मुलगी जोरात अंगाशी आली आणि प्रणाली दोन्ही पाय आडवे टाकून, बर्फाचा फवारा उडवत, जागच्या जागी थांबली. ती मुलगी घसरत पुढे निघून गेली. गोलरक्षकही, प्रणाली त्याच बाजूला जाणार असं समजून, तिकडेच सरकली होती. प्रणालीने मारलेला फटका काही फार देखणा नव्हता. काठी निम्मी बर्फालाच लागली आणि रिंग रांगत, डुगडुगत, कंटाळल्यासारखी आत गेली.

हे चालतं की नाही ते कोकणातल्या मुलांना ठाऊक नव्हतं, त्यांनी संदीपकडे पाहिलं. संदीपने होकारार्थी मान हलवली. मग जे झालं त्याने छत खाली यायचं तेवढं बाकी राहिलं. प्रणाली तोवर तोल जाऊन पडली होती. मुली अंगावर येऊन कोसळल्या तेव्हा तिला कळलं.

सामना आपण हरलोच, चांगल्या फरकाने. स्पर्धेतला आपला तो एकमेव गोल. सामना संपल्यावर शम्मा आणि इरा स्केट न काढता पायरीवर बसून एकाच पुडीतले चिप्स खात होत्या. त्यांच्याकडे बघताना मला पुन्हा तोच प्रश्न पडला, की ही कुठली. पण त्याला आता धार नव्हती. तिला स्वतःला तो पडलेला दिसत नव्हता.

प्रणालीला आईशी बोलायचं होतं. मी माझ्या फोनवरून साधा कॉल लावून दिला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून तिने स्पीकर सुरू केला आणि आम्ही कोपऱ्यात सरकलो. तिला रडू आवरेना. तिने सगळं सांगून टाकलं, की आधीचे सामने मी खेळलेच नव्हते, बाकावर बसले होते, तुला खोटं सांगितलं.

पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"कसं काय?"

"अगं, हेल्मेट घातलं म्हणून बसलेली पोर वळखू येत न्हाई व्हय? गुडघा हालवत बसलीवतीस. कॅमेरा तिकडं कवा फिरतोय त्येचीच वाट बघत बसायचो आमी समदी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू म्हनलीस खेळती. मग आमीबी म्हनलं, खेळती."

प्रणालीने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी त्या बाईंशी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुधा जेवणाबद्दल काहीतरी बोलले असेन. जगभरातल्या शिक्षकांनी आणि समुपदेशकांनी मिळून मला आई होण्याबद्दल जे शिकवलं नसतं ते त्या एका वाक्यात होतं, आणि ते ऐकून मी त्यांना भाकरीबद्दल विचारत होते.

नंतर इराची परीक्षा झाली, निकाल लागला. आम्ही कॅनडातल्या कॉलेजांची चौकशी करत होतो. इराने पुणे निवडलं. तिथे गेल्यावर सुरुवातीला तिचे हाल झाले. पावसाने, रिक्षावाल्यांनी, 'तू बाहेरची का' या प्रश्नाने ती कावली. फोनवर रडली, परत येते म्हणाली, आली नाही. प्रणाली आता कराडला बी.पी.एड. करते आणि डांबरी मैदानावर लहान मुलींना स्केटिंग शिकवते. तिला पुन्हा बर्फावर उतरायला मिळालं नाही. भारताचा संघ पुढच्या स्पर्धेला गेला तेव्हा ती निवड चाचणीत बाद झाली. ही गोष्ट मी लिहिली नाही तर वरचं सगळं फार गोड वाटेल. आयुष्य तसं नाही. एका दुपारी एक रिंग रांगत आत गेली, एवढंच. पण ती गेली.

काल एसी बंद केल्यावर शांत झालेल्या घरात मी बराच वेळ काही न करता बसले. संदीप साइटवर गेला होता. दुपारी इराचा फोन आला. सुट्टीला इकडे यायच्याऐवजी ती चार दिवस प्रणालीच्या गावी गेली आहे. मागे कोंबड्यांचा, भांड्यांचा आवाज. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, "आत्ताच. आमटी लई भारी होती." आपण काय बोललो ते तिला जाणवलंही नाही. 'लई' तिच्या जिभेवर असं बसलं होतं की जणू तिथेच जन्मलं असावं. मला आनंद व्हावा, आणि झालाच, पण त्याच्या तळाशी एक बारीकसा हेवा होता. मी तिला माझ्या गावची करायला निघाले होते. ती झाली, पण माझ्यामार्फत नाही.

मग प्रणालीच्या आईने फोन घेतला. आम्ही अजून एकमेकींना भेटलेलो नाही. पोर गुणाची आहे, कामाला हात लावते, चुलीपुढे बसून डोळे लाल करून घेते, असं सगळं कौतुक करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुमी येवा की एकडाव."

इथे राहून काही शब्द जिभेवर आपोआप येतात, न विचार करता, दार लोटून घ्यावं तसे. मी म्हणाले, "येणार ना. इन्शाल्ला."

'देवाची इच्छा असेल तर' असं सांगणारा हा शब्द त्यांच्या ओळखीचा नसावा.

"म्हंजी कवा?" त्यांनी विचारलं.